शालजोडी आणि भिजत घोंगडे

येलहंक्याला बदली होऊन आल्यानंतरचा हा माझा तिसरा हिवाळा. बंगळूरच्या हवेचे कौतुक सर्वांनाच असते, परंतु शहराच्या उत्तरेकडील या उघड्या पठारावर जानेवारीतील पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. सकाळी फिरावयास निघालो की दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याच्या कडेने कधीकधी मेंढरांचा एखादा कळप दिसतो. मागे कुरुबा समाजाचा मेंढपाळ असतो, हातात काठी, आणि डोक्यावरून खोळ करून पांघरलेली काळी कांबळी. कन्नडमध्ये तिला 'कंबळी' म्हणतात. आपल्याकडे धनगराच्या खांद्यावर जे असते तेच हे घोंगडे. एका बाजूला विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या चाकांचा कारखाना, आणि मध्येच हे काळे घोंगडे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या क्षणी आपले गाव आठवले नाही तरच नवल.

मराठी भाषेने लोकरीच्या दोन वस्त्रांना दोन अगदी वेगळी नशिबे दिली आहेत. सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ. टोमणा मारायचा तर तोही 'शालजोडीतला'. आणि जे काम वर्षानुवर्षे निकालात निघत नाही, ज्याची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, त्याला आपण म्हणतो 'भिजत घोंगडे'. प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला यातील दुसरा वाक्प्रचार अधिक परिचित असणार, हे सांगावयास नकोच. प्रस्तुत लेखात या दोन वस्त्रांचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे. लोकर मेंढीच्या किंवा बकरीच्या अंगावर उगवते हे खरे, पण तिचे मोल बरेचदा कचेरीत ठरते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

प्रथम या गावाविषयी थोडेसे. १५३७ साली बंगळूर वसविणारा केंपेगौडा हा मूळचा येलहंक्याचा नायक. पुढे १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर घेतले. त्या स्वारीत शहाजीराजे होते, आणि हा मुलूख त्यांना जहागिरीत मिळाला. केंपेगौडाच्या वंशजांना मागडीकडे सरकावे लागले. १६८७ साली मोगलांनी बंगळूर जिंकले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक या भागाची वहिवाट भोसल्यांकडे होती. राजवटी बदलल्या, मात्र मेंढपाळाची वाट बदलली नाही. पावसाच्या मागेपुढे कळप हिंडवायचे, सुगीनंतर शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसा घ्यायचा आणि लोकर कातरून घोंगडी विणून घ्यायची, ही अर्थव्यवस्था पुणे-सोलापूरपासून चित्रदुर्ग-चळ्ळकेरेपर्यंत एकच होती. दख्खनच्या पठाराला भाषांच्या सीमा आहेत, मेंढरांना त्या नाहीत.

आता लोकरीच्या शास्त्राकडे वळू. लोकरीची प्रतवारी मुख्यतः तंतूच्या जाडीवर ठरते, आणि ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर चांगपा पशुपालक ज्या बकऱ्या पाळतात, त्यांच्या राठ केसांखाली हिवाळ्यात एक मऊ अस्तर येते. त्या तंतूची जाडी साधारण १२ ते १५ मायक्रॉन असते. हेच पश्म, आणि याच जातीच्या तंतूला युरोपने 'कॅशमिअर' हे नाव दिले. सूटाच्या कापडाला लागणारी ऑस्ट्रेलियन मेरिनो लोकर बहुतांशी २० मायक्रॉनच्या आसपासची. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तिशीच्या पुढची, त्यात केसांचे प्रमाण मोठे, आणि रंग बहुधा काळा, म्हणजे दुसरा रंग चढणे कठीण.

पश्म कातरत नाहीत, वसंत ऋतूत बकरी ते आपोआप सोडू लागते तेव्हा विंचरून काढतात. एका बकरीपासून वर्षाला जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम माल मिळतो, आणि त्यातील राठ केस व कचरा निवडून टाकला की निम्म्याच्या आसपास उरतो. म्हणून एका शालीमागे तीन-चार बकऱ्यांचे वर्ष खर्ची पडते. काश्मीरमध्ये हे निवडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी हाताने केले. तांदळाच्या पिठीत घोळवून तंतू स्वच्छ करावयाचा, मग चरख्यावर केसाहून बारीक सूत काढावयाचे. राठ केस यंत्राने वेगळे करण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रॅडफर्डच्या जोसेफ डॉसन याने साधली, आणि कॅशमिअर हे गिरणीचे कापड झाले. आज जगातील बहुतेक कॅशमिअर चीन आणि मंगोलिया पुरवितात. लडाखचा वाटा परिमाणाने अगदी लहान आहे, नाव मात्र काश्मीरचे आहे.

या तलम वस्त्रामागचा राज्यकारभार मात्र तलम नव्हता. १६८४ च्या तहाने लडाखमधून येणाऱ्या पश्मेवर काश्मिरी व्यापाऱ्यांचा मक्ता प्रस्थापित झाला. १८४६ च्या अमृतसर तहाने इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगांना ७५ लाख नानकशाही रुपयांना दिले. त्या तहात वार्षिक नजराणा काय ठरला होता? एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा जातिवंत बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. साम्राज्याच्या तहनाम्यात बकऱ्यांची नरमादीसह मोजदाद व्हावी, यावरूनच त्या तंतूचे मोल कळते. दरबारी सन्मानातील शालजोड्या, मग त्या मोगलांच्या असोत, लाहोरच्या असोत की पेशव्यांच्या, याच मागांवरून येत.

त्या मागावर बसणाऱ्या विणकराची स्थिती काय होती? प्रत्येक शालीवर सरकारी शिक्का, म्हणजे 'दाग', उमटल्याखेरीज ती विकता येत नसे, आणि त्या शिक्क्यापोटी किमतीच्या सुमारे पाव हिस्सा कर द्यावा लागे. शालबाफाला मालक बदलण्याची मुभा नव्हती, खोरे सोडून जाण्याचीही नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या जालडगर भागात विणकर मजुरी आणि करासंबंधी दाद मागावयास जमले. सैन्याने त्यांना पिटाळले. पळताना पुलावरून पाण्यात पडून २८ जण मरण पावले, असे परंपरेने सांगितले जाते. पाचच वर्षांनी, १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात, पॅरिसची बाजारपेठ कोसळली. त्याआधीच जाकार मागावर स्कॉटलंडमधील पेझ्ली गावाने काश्मिरी शालींच्या नकला स्वस्तात विकण्यास आरंभ केला होता. आपण जिला कोयरी म्हणतो त्या नक्षीला इंग्रजीत आज त्या गावाचे नाव आहे. पुढे १८७७ ते १८७९ चा दुष्काळ आला आणि शालबाफांची वस्ती विरळ झाली. ज्या राज्याने शालीवर शिक्का मारला, त्याने विणकराकडे पाहिले नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर खजिन्याने सोन्याचे अंडे मोजले, कोंबडीचा हिशेब ठेवला नाही.

याच सुमारास हिंदुस्थानात लोकरीच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या. कानपूरची गिरणी १८७६ सालची, पंजाबातील धारीवालची १८८० ची. बंगळूरला १८८४ साली एक लोकर गिरणी निघाली. १८८६ साली ती मद्रासच्या बिन्नी कंपनीने घेतली आणि पुढे 'बेंगलोर वूलन, कॉटन अँड सिल्क मिल्स' या नावाने ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. ठाण्यात १९२५ साली 'रेमंड' हे नाव आले, आणि १९४४ साली ती गिरणी सिंघानिया घराण्याकडे गेली. या उद्योगाच्या आरंभीच्या पिढीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक सरकार होते. फौजेला कांबळी हवी होती, गणवेशाचे कापड हवे होते. पोलिसांना, रेल्वेला, तुरुंगांना, इस्पितळांनाही हवे होते. म्हणजे लोकरीचा मापदंड या देशात बाजाराने जितका ठरविला, तितकाच पुरवठा खात्याने ठरविला.

गिरणीत कापड कसे होते ते थोडक्यात सांगतो, कारण अंगात कोट घालणाऱ्यांनाही ते ठाऊक असतेच असे नाही. कातरलेली लोकर प्रथम प्रतवार निवडतात, मग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तिच्यातील मेण, घाम आणि माती काढतात. त्या मेणापासूनच लॅनोलिन मिळते. पुढे दोन वाटा फुटतात. पिंजून तंतू आडवेतिडवे ठेवून सूत काढले तर फुगीर, उबदार 'वूलन' कापड होते. कांबळी व ट्वीड त्यातली. पिंजल्यावर विंचरून आखूड तंतू काढून टाकले आणि लांब तंतू समांतर बसविले तर गुळगुळीत 'वर्स्टेड' होते, ज्याचे सूट शिवतात. विणल्यानंतरही काम संपत नाही. ओले करून दाबून कापड आटविणे, लव उभी करून ती समान कापणे, वाफेने बसविणे, एवढे सोपस्कार झाले की दुकानात हाताला लागणारा तो मऊपणा येतो. यांतील प्रत्येक टप्प्यावर तंतूची जाडी एकसारखी असावी लागते. जाड्याभरड्या कांबळ्याला देशी लोकर चालते, पण तलम सर्जला नाही. ठाणे, आणि पुढे जळगाव व छिंदवाडा येथे निघालेल्या गिरण्यांत धागा मेरिनोचा, बंदर मुंबईचे, हात आपले, अशी वाटणी झाली. १९६३ साली ठाण्यात लोकर संशोधन संस्था स्थापन झाली तीही याच उद्योगाच्या सान्निध्यात.

घोंगड्याचे शास्त्र याच्या अगदी उलट आहे. धनगराने वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायच्या. एका मेंढीला वर्षाकाठी अर्धा-पाऊण किलो लोकर, जिथे मेरिनोला चार-पाच किलो. घरातील बायकांनी ती पिंजून चरख्यावर कातायची. सनगर विणकराने ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो ताठ करायचा आणि खड्डामागावर विणायचे. विणायचे नसेल तर लोकर पसरून, भिजवून, दाबून, लाटून जेन किंवा बुरणूस करावयाचा. लोकरीतील मेण पूर्ण धुतलेले नसते, म्हणूनच घोंगड्यावरून पावसाचे पाणी बराच वेळ ओघळून जाते. आत मुरले तर मात्र ते जड होते आणि लवकर वाळत नाही. वाक्प्रचार त्यातूनच आला असावा. रानात मेंढरामागे उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला टोचरेपणाची फिकीर नसते. त्याला काटा, दव, थंडी आणि पाऊस यांतून वाचविणारे एकच वस्त्र हवे असते. बारा मायक्रॉनची शाल त्या कामी एक रात्रही टिकणार नाही. दोन्ही वस्त्रे आपापल्या जागी परिपूर्ण आहेत. चूक होते ती एकाचे माप दुसऱ्याला लावण्यात.

आणि ती चूक सरकारने दीडशे वर्षे सातत्याने केली. दख्खनी मेंढी 'सुधारण्या'साठी परदेशी मेंढे आणण्याचे प्रयोग कंपनी सरकारच्या काळापासून झाले. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय संशोधन संस्था निघाली, राज्याराज्यांत मेंढी विकास महामंडळे झाली, १९८७ साली जोधपूरला केंद्रीय लोकर विकास मंडळ आले. या संस्थांनी चांगली कामे केली, ती मी नाकारीत नाही. परंतु दख्खनच्या उन्हात, कुसळांत आणि रोज दहा-पंधरा किलोमीटरच्या चालीत मेरिनोचे रक्त टिकत नाही, हा धडा पुन्हापुन्हा गिरवावा लागला. दरम्यान मेंढपाळाने आपला हिशेब स्वतः मांडला. लोकरीला भाव नाही, मटणाला आहे. त्याने माडग्याळ, नेल्लोर अशा मांसल आणि जवळजवळ लोकरहीन जातींचे मेंढे कळपात घातले. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले, तेही मांसासाठीच. आज कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक पडते आणि लोकर बांधावर टाकून दिली जाते.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०१९ च्या पशुगणनेत भारतात ७ कोटी ४० लाखांवर मेंढ्या होत्या. त्यांपैकी १ कोटी ११ लाख एकट्या कर्नाटकात. तरीही २०२२-२३ साली लोकरीचे उत्पादन साडेतीन कोटी किलोच्याही खालीच राहिले. त्यातील सुमारे ८५ टक्के गालिच्यांच्या प्रतीची, कपड्यांच्या प्रतीची पाच टक्के, आणि उरलेली १० टक्के 'जाडीभरडी'. आपले घोंगडे या शेवटच्या रकान्यात बसते. रकान्याचे नावच असे की, तो वाचणारा अधिकारी पुढचे पान उलटतो.

मीही एकदा असेच पान उलटले होते. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझी नेमणूक दक्षिण महाराष्ट्रात होती. एका केंद्रीय संस्थेच्या वसतिगृहांसाठी काही हजार ब्लँकेटे घ्यावयाची होती आणि खरेदी समितीत मी वित्त सदस्य होतो. निविदेतील तपशील जुन्या फाईलवरून उतरविलेला होता. एकसारखा करडा रंग, ठराविक वजन, अखंड रुंदी, लोकरीचे किमान प्रमाण, शिवाय तीन वर्षांची उलाढाल आणि अनामत रक्कम. सनगर विणकरांच्या एका सहकारी संस्थेने घोंगडी देऊ केली होती. रंग नैसर्गिक, म्हणून एकसारखा नाही. माग अरुंद, म्हणून दोन पट्टे शिवून जोडलेले. तांत्रिक छाननीतच ती बाद झाली. मंजूर झाला तो चिंध्यांपासून पुन्हा काढलेल्या लोकरीचा, म्हणजे 'शॉडी'चा माल. ही कला १८१३ साली यॉर्कशायरमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ याने काढली. तीत तुकडे झालेला, आखूड तंतू असतो, पण तो कागदावर लोकरच असतो. तपशिलातील प्रत्येक अट त्याने पूर्ण केली होती.

निविदा उघडल्या त्या दिवशी संस्थेतर्फे एक वयस्क विणकर आले होते. निकाल ऐकून त्यांनी तक्रार केली नाही. नमुन्याची घोंगडी घडी घालून काखेत मारली आणि जाताना एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही समद्यांनी कागद बघितला. घोंगडं कुनी अंगावर घिऊन बघितलं न्हाई." मी काही बोललो नाही. टिपणीवर सही केली. नियमाप्रमाणे ती सही बिनचूक होती आणि लेखापरीक्षणात तिच्यावर एकही आक्षेप आला नाही. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्या ब्लँकेटांचा भुसा झाला होता, हे मला बदलीनंतर कळले.

गंमत अशी की, कायदा त्या विणकराच्या बाजूने होता. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली काही वस्तू केवळ हातमागासाठी राखून ठेवल्या आहेत. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. सुरुवातीस बावीस वस्तू होत्या, पुढे यादी अकरांवर आली. त्या अकरांत बराक ब्लँकेट आणि कांबळी आहेत, शाल आणि लोईही आहेत. म्हणजे समाजाने ज्यांना दोन टोकांना बसविले, ती दोन वस्त्रे कायद्याने एकाच यादीत शेजारी बसविली. परंतु निविदेत वस्तूचे नाव आणि तपशील बदलला की आरक्षण हळूच गळून पडते. काश्मीरच्या पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१९ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याच्या ओळखीसाठी स्वतंत्र मानक आणले. ते योग्यच झाले. भेसळीपासून विणकराला त्याने संरक्षण मिळते. प्रश्न इतकाच की, पश्मिन्याला त्याच्या गुणांनुसार मोजणारे मानक आपण लिहू शकतो, तर घोंगड्याला त्याच्या गुणांनुसार मोजणारे का लिहीत नाही? ऊब किती, टिकाऊपणा किती, पाणी किती वेळ थोपविते, वापरून संपल्यावर मातीत कुजते की नाही, या कसोट्या लावल्या तर निकाल कदाचित वेगळा लागेल. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी केंद्रीय खात्यांच्या कापड खरेदीत किमान २० टक्के माल खादी वा हातमागाचा असावा असे म्हटले आहे. दार उघडे आहे. तपशील लिहिणाऱ्याने त्या दाराची उंची मोजून घ्यावी, एवढेच.

मी भाबडेपणाने असे म्हणत नाही की सरकारी खरेदीने धनगरांचे आणि सनगरांचे सर्व प्रश्न सुटतील. चराईची राने आक्रसली, मुले शिकून शहरात गेली, सिंथेटिक ब्लँकेट दोन-तीनशे रुपयांत मिळते. ही कारणे कुठल्याही परिपत्रकाने पुसली जाणार नाहीत. बंगळूरच्या त्या जुन्या लोकर गिरणीच्या जागीही आज निवासी मनोरे आहेत, आणि ठाण्याची रेमंडची गिरणीही २००९ साली बंद झाली. उद्योग येतात आणि जातात, अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते मान्य आहे. पण एखादी वस्तू बाजारात हरून जाणे निराळे, आणि तिला स्पर्धेच्या रकान्यातच न बसविणे निराळे. दुसऱ्या प्रकाराची जबाबदारी बाजारावर टाकता येत नाही. ती सही करणाऱ्यावर येते.

गेल्या महिन्यात येथील एका मराठी मंडळाने माझ्या कुठल्याशा भाषणानंतर प्रथेप्रमाणे शाल आणि श्रीफळ दिले. शाल घरी येऊन कपाटात आधीच्या सात-आठ शालींवर जाऊन बसली. दुसऱ्या रविवारी मी दोड्डबळ्ळापूरच्या आठवड्याच्या बाजारात जाऊन एक काळी कंबळी विकत घेतली. भावात घासाघीस केली नाही. पहिल्या रात्री ती चांगलीच टोचली, तिला मेंढीचा वासही येत होता. पण पहाटे चारच्या सुमारास, जेव्हा येलहंक्याचा गारठा खिडकीतून आत येतो, तेव्हा ती काढून ठेवावीशी वाटली नाही. त्या वृद्ध विणकराने सांगितलेली तपासणी वीस वर्षांनी का होईना, एकदाची पूर्ण झाली. अहवाल अनुकूल आहे. तो सादर करावयास आता ती समिती मात्र उरलेली नाही.